दिनविशेष तयार करताना: तारीख तपासण्याची पद्धत, १ ऑगस्टच्या उदाहरणासह

शाळेचा फळा, वाचनालयाचा सूचनाफलक, स्थानिक साप्ताहिकाचा कोपरा, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप: दिनविशेष सगळीकडे लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो आदल्या रात्री कुठून तरी उतरवून घेतलेला असतो. त्यामुळे एकदा शिरलेली चूक दरवर्षी त्याच तारखेला परत येते, आणि पाचवीतल्या मुलाच्या वहीत गेलेली तारीख पुढे स्पर्धा परीक्षेपर्यंत त्याच्यासोबत राहते. म्हणून हे काम नीट करायला हवं.

घटना गोळा करणं सोपं असतं. खरा वेळ जातो तो तारीख पक्की करण्यात. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायचे: त्या दिवशी नेमकं काय घडलं, कुणाच्या घड्याळाने घडलं, आणि ही तारीख कोणत्या कालगणनेतली आहे. यातल्या एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर नोंद फळ्यावर घेऊ नये. खाली १ ऑगस्ट ही तारीख हाताशी धरून काम पुढे नेलं आहे. कालगणनेचा प्रश्न मात्र शिवकाळ आणि पेशवाईशिवाय समजत नाही, म्हणून तिथे वेगळी उदाहरणं घेतली आहेत.

कच्ची यादी

एक मोठी वही घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. रकाने असे: वर्ष, घटना (एका वाक्यात), ठिकाण, वार, मूळ तारीख किंवा तिथी, पहिला आधार, दुसरा आधार, शंका. त्या तारखेला सापडेल ते सगळं आधी लिहून काढा. वीस-पंचवीस नोंदी सहज होतात. या टप्प्यावर गाळागाळ करू नका, पण प्रत्येक नोंद कुठे मिळाली ते त्याच वेळी लिहा. नंतर आठवत नाही.

दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य, त्याच शब्दक्रमाने आणि त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसह दिसलं, तर तो एकच आधार समजावा. दुसरा आधार स्वतंत्र हवा: विश्वकोशातली किंवा चरित्रकोशातली नोंद, त्या काळच्या वर्तमानपत्राचा अंक, राजपत्र, समकालीन पत्र. वर्तमानपत्र वापरताना एक खबरदारी घ्या. अंकावरची तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे. दैनिकात बातमी दुसऱ्या दिवशी येते, साप्ताहिकात आठवड्यानेही येते. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि दिवस दिलेला असतो, तो पाहावा.

त्या दिवशी नेमकं काय घडलं?

दिनविशेषातली सर्वाधिक घसरण ‘सुरुवात’, ‘स्थापना’ आणि ‘लागू’ या शब्दांपाशी होते. १ ऑगस्टच्या यादीत याचे तीन नमुने आहेत.

पहिला: ‘१९१४, पहिलं महायुद्ध सुरू’. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. पण ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध त्याआधीच, २८ जुलैला पुकारलं होतं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, फक्त फळ्यावर ‘जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं’ एवढंच लिहायचं.

दुसरा: ‘१८३४, ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद’. कायद्याला राजाची संमती मिळाली २८ ऑगस्ट १८३३ रोजी, आणि तो अमलात आला १ ऑगस्ट १८३४ रोजी. कायद्याच्या बाबतीत मंजुरी, संमती, प्रसिद्धी आणि अंमल अशा चार वेगवेगळ्या तारखा असू शकतात. आपल्या संविधानाचंही तसंच आहे: २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० ला पूर्णपणे अमलात आलं. शिवाय या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता काढणारा कायदा १८४३ चा आहे. ही अर्धी ओळ जोडली नाही, तर आपल्याकडेही त्याच दिवशी गुलामी संपली असं वाचणाऱ्याला वाटतं.

तिसरा: ‘१९२०, असहकार चळवळ सुरू’. गांधीजींनी चळवळ १ ऑगस्टपासून सुरू होईल असं आधीच जाहीर केलं होतं, आणि त्याच तारखेच्या पत्राने त्यांनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत केलं. काँग्रेसची मान्यता मात्र सप्टेंबरमधल्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात मिळाली आणि डिसेंबरमध्ये नागपूरला पक्की झाली. म्हणून नोंदीत ‘गांधीजींनी असहकार सुरू केला’ असं लिहावं, ‘काँग्रेसने’ नको.

याच दिवशी लोकमान्य टिळक गेले. दोन घटना एका तारखेला आल्या की त्यांच्यात कार्यकारणभाव जोडण्याचा मोह होतो. ‘टिळकांच्या निधनानंतर असहकार सुरू झाला’ या वाक्यात तो मोह आहे. चळवळीची तारीख निधनाच्या आधीच ठरलेली होती. एकच तारीख हा योगायोग असेल तर नोंदी शेजारी ठेवाव्यात, एकीतून दुसरी काढू नये.

कुणाचं घड्याळ?

टिळकांचं निधन मुंबईत सरदारगृहात झालं, मध्यरात्र उलटून तासही झाला नव्हता तेव्हा. मुंबईत त्या वेळी दोन घड्याळं चालत: भारतीय प्रमाणवेळ, आणि तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ. नोंदवलेली वेळ साधारण १२ वाजून ४० मिनिटांची आहे. ती कोणत्याही घड्याळाची धरली तरी तारीख १ ऑगस्टच येते. पण ‘३१ जुलैच्या रात्री’ असं लिहिलेलं आढळलं, तर तो वेगळा दावा समजू नये. रात्र आदल्या दिवसाची मोजण्याची आपली रीतच आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते. रात्रीच्या प्रत्येक घटनेला हा प्रश्न लागू आहे.

परदेशी घटनांमध्ये स्थानिक तारीख लिहावी, आणि भारतात वेगळी तारीख असेल तर कंसात द्यावी. पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईच्या ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी झाला, तेव्हा जपानमध्ये ८ डिसेंबर उजाडला होता. चंद्रावरची स्वारी याहून अवघड, कारण तिथे स्थानिक तारीखच नाही. अपोलो ११ चं यान उतरलं ते जागतिक वेळेनुसार २० जुलै १९६९ च्या रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी. भारतात तेव्हा २१ जुलैच्या पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते जागतिक वेळेनुसार २१ तारखेला पहाटे, आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास, आणि अमेरिकेत मात्र अजून २० जुलैची रात्र होती. फळ्यावर ‘२० जुलै (भारतीय वेळेनुसार २१)’ एवढं पुरतं.

कोणती कालगणना?

मराठी दिनविशेषात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थांबून पाहू.

कॅथलिक युरोपातल्या अनेक देशांनी १५८२ पासून नवं, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर धरलं. पोर्तुगाल त्यांत होता. इंग्लंडने जुनं ज्युलियन कॅलेंडर १७५२ पर्यंत चालवलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. दोन्हींतला फरक सतराव्या शतकात १० दिवसांचा, तर १७०० च्या मार्चपासून ११ दिवसांचा. शिवकाळाच्या आणि पेशवाईच्या पूर्वार्धाच्या तारखा आपल्याकडे इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने रूढ आहेत. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ चा म्हणतो, तो ज्युलियन. गोव्याच्या पोर्तुगीज पद्धतीने तोच दिवस १६ जून होतो. बाजीराव पेशव्यांचं निधन २८ एप्रिल १७४० चं, तेही ज्युलियन. ग्रेगोरियन तारीख ९ मे. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, ते मात्र ग्रेगोरियन.

मग काय करायचं? रूढ तारीख बदलू नका. त्या तारखेच्या कार्डावर (कार्डांविषयी शेवटी सांगितलं आहे) ‘जुनी पद्धत’ अशी खूण करा. दोन घटनांमधले दिवस मोजायचे असतील आणि एक १७५२ च्या अलीकडची, एक पलीकडची असेल, तरच रूपांतर करा. ‘एकाच दिवशी’ असा दावा असेल तर दोन्ही तारखा एकाच कालगणनेत आणून पाहा. शेक्सपिअर आणि सर्व्हांतिस या दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ लिहितात. शेक्सपिअरची तारीख ज्युलियन आहे, म्हणजे ग्रेगोरियन ३ मे. सर्व्हांतिस स्पेनमध्ये २२ एप्रिलला गेले आणि २३ ला त्यांचं दफन झालं. दोघांच्या मृत्यूत दहा दिवसांहून अधिक अंतर आहे.

आणखी एक खाच. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी सरकारी वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून फेब्रुवारी १६३० मधला दिवस त्या काळच्या इंग्रजी कागदात १६२९ चा दिसू शकतो. वर्षाचा फरक दिसला म्हणून लगेच चूक समजू नये.

आता तिथी. शके वर्षावरून इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७९ मिळवले की १६३०. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ. ७८ मिळवले की १६७४. उत्तरेकडच्या ग्रंथात शिवजन्माची तिथी चैत्र कृष्ण तृतीया अशी दिसेल. तीही तीच तिथी. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव पुढचं येतं. शुद्ध पक्षात फरक पडत नाही.

पेशवे दफ्तरातल्या कागदांवर सुहूर सन (त्या काळच्या दरबारी कागदांत वापरली जाणारी वर्षगणना) असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ अधिक ६००, बरोबर १७६१. इथे ५९९ मिळवले की पानिपत वर्षभर मागे जातं.

राज्याभिषेकाची नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, शकवार मांडलेल्या नोंदींत) ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार, २१ घटी ३४ पळे असं सांगून, तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले असं म्हटलं आहे. मग आपण शुद्ध त्रयोदशी आणि शनिवार का म्हणतो? घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. २१ घटी ३४ पळे म्हणजे सूर्योदयापासून सुमारे ८ तास ३८ मिनिटं. तोवर द्वादशी होती, दुपारी त्रयोदशी लागली. तीन घटका रात्र उरली म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं होती. पंचांगाच्या दिवसाने अजून शुक्रवारच, कारण सूर्य उगवलेला नाही. मध्यरात्रीला बदलणाऱ्या तारखेने शनिवार ६ जून. द्वादशी आणि त्रयोदशी, शुक्रवार आणि शनिवार: चारही शब्द एकाच क्षणाचे आहेत. अशा ठिकाणी ‘इतिहासकारांत मतभेद’ असं लिहून मोकळं होऊ नये.

सणांच्या बाबतीतही जपून. ‘पानिपत ऐन संक्रांतीला झालं’ असं फार ठिकाणी वाचायला मिळतं. १४ जानेवारीची संक्रांत ही अलीकडच्या काळातली. आपली मकरसंक्रांत नक्षत्रांवर बेतलेली असल्याने इंग्रजी तारखेच्या तुलनेत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७६१ मध्ये, संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेलेली होती.

वार काढून पडताळा

जुन्या नोंदीत बहुधा वार दिलेला असतो, आणि वार हा फार चांगला साक्षीदार आहे. कागदावर असा काढावा:

१. वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या.
२. त्यांना ४ ने भागून येणारा पूर्णांक त्यात मिळवा. बाकी सोडून द्या.
३. महिन्याचा अंक मिळवा: जानेवारी ०, फेब्रुवारी ३, मार्च ३, एप्रिल ६, मे १, जून ४, जुलै ६, ऑगस्ट २, सप्टेंबर ५, ऑक्टोबर ०, नोव्हेंबर ३, डिसेंबर ५.
४. तारीख मिळवा.
५. शतकाचा अंक मिळवा: १७०० ला ४, १८०० ला २, १९०० ला ०, २००० ला ६. ज्युलियन तारखांसाठी १६०० ला २, १७०० ला १.
६. लीप वर्ष असून महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर १ वजा करा.
७. बेरजेला ७ ने भागा. बाकी ० आली तर रविवार, १ सोमवार, असं ६ म्हणजे शनिवार.

१ ऑगस्ट १९२०: २० + ५ + २ + १ + ० = २८, बाकी ०. रविवार. ६ जून १६७४, ज्युलियन: ७४ + १८ + ४ + ६ + २ = १०४, बाकी ६. शनिवार, म्हणजे वरचा हिशेब जुळला. हीच तारीख ग्रेगोरियन धरली असती (१६०० चा अंक ६), तर बुधवार आला असता. तारीख कोणत्या कालगणनेतली आहे हे ओळखायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. वार एका दिवसाने चुकला, तर आधी रात्रीची घटना आहे का ते पाहावं. तीन-चार दिवसांनी चुकला, तर बहुधा कालगणनांची सरमिसळ झालेली असते.

जन्मतारखा, ठिकाणं

विसाव्या शतकात जन्मलेल्या माणसांची तारीख १ जून दिसली की थांबा. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावत, आणि तीच पुढे सगळ्या कागदांवर गेली. कुटुंबातली नोंद किंवा तिथी मिळत नसेल तर ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे’ असं लिहावं.

६ जानेवारीची गल्लतही नेहमीची. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. त्याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांची जयंतीही फळ्यावर येते. अंकाची तारीख आणि संपादकाचा जन्म या वेगळ्या नोंदी आहेत, आणि प्रत्येकीला तिचा स्वतःचा पुरावा लागतो.

ठिकाण त्या काळचं आणि आजचं असं दोन्ही तपासा. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणून ‘आताचा सांगली जिल्हा’ असं लिहायचं.

निवड आणि मजकूर

तीन बाय चार फुटांच्या फळ्यावर सहा-सात नोंदी नीट बसतात, प्रत्येकी वीस-पंचवीस शब्दांच्या. अक्षर दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणून गर्दी नको. वर्षानुक्रम ठेवा. एकाच क्षेत्राच्या नोंदी फार झाल्या तर कमी करा: राजकारण आणि युद्धं आपोआप जागा खातात, विज्ञान, साहित्य, श्रमिकांचा इतिहास मुद्दाम शोधावा लागतो. ‘जयंती’ दिवंगत व्यक्तीची असते. हयात व्यक्तीसाठी ‘जन्मदिन’. ‘कितवी जयंती’ हा आकडा सरसकट चुकतो, त्याऐवजी ‘इतकी वर्षं पूर्ण’ असं लिहिलं की हिशेब सरळ राहतो. तिथीने साजरा होणारा दिवस असेल तर ‘तिथीप्रमाणे’ हा शब्द शीर्षकातच टाका.

तपासून झालेला १ ऑगस्टचा फळा असा होतो:

१७७४: जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्लंडमध्ये पाऱ्याच्या ऑक्साइडवर भिंगातून ऊन पाडून एक वायू वेगळा केला. तोच ऑक्सिजन. (स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी तो आधी मिळवला होता, पण प्रसिद्ध नंतर केला.)
१८३४: ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात. कंपनीचा हिंदुस्थानातला मुलूख वगळलेला.
१९१४: जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं.
१९२०: लोकमान्य टिळक यांचं मध्यरात्रीनंतर मुंबईत सरदारगृहात निधन. गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार.
१९२०: गांधीजींनी असहकार चळवळ सुरू केली.
१९२०: अण्णाभाऊ साठे यांचा वाटेगाव (आताचा सांगली जिल्हा) इथे जन्म.
१९४४: जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सा शहरात पोलिश भूमिगत सेनेचा उठाव.

कार्डं आणि दुरुस्ती

वर्षभराच्या कामासाठी ३६६ कार्डं करावीत, एका तारखेला एक. पुढच्या बाजूला फळ्याचा मजकूर, मागच्या बाजूला आधार, वार, कालगणना आणि शंका. शंकेतल्या नोंदी खोडू नका. पुरावा मिळाला की त्या पुढच्या बाजूला येतात. २९ फेब्रुवारीचं कार्ड वेगळं ठेवा. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. लीप वर्ष नसेल तेव्हा ती नोंद २८ तारखेला घ्या आणि खरी तारीख सोबत लिहा.

कुणी चूक दाखवली तर आधी कार्डाची मागची बाजू उघडा. आपला आधार आणि त्यांचा आधार शेजारी ठेवा, वार काढून पाहा. चूक आपली निघाली तर कार्डावर जुना मजकूर एका रेघेने खोडून नवा लिहा आणि दुरुस्तीची तारीख टाका. फळ्यावरची दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी, वरच्या कोपऱ्यात, ‘काल असं लिहिलं होतं, बरोबर असं आहे’ या शब्दांत द्या. मुलांनी आदल्या दिवशीचा मजकूर वहीत उतरवला असेल, तर परिपाठात ती ओळ त्यांच्याकडून बदलून घ्या.